नांगी पायाला, घाव काळजाला

1. चढतं ते काय?

विंचू चावतो पायाच्या बोटाला, मग माणूस छातीत पाणी होऊन कसा जातो? रत्नागिरी जिल्ह्यात, खरं तर रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या साऱ्या कोकणपट्टीत, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे आणि तो अगदी रास्त आहे. जांभ्याच्या चिऱ्यांमधल्या भेगा, गडग्याच्या सांदी, पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली लाकडं, भाताचा पेंढा, आंब्याच्या बागेतला पाचोळा अशी तांबड्या विंचवाला सोयीची जागा इथे पावलोपावली आहे. एप्रिल ते जून आणि पुन्हा पाऊस सरताना सप्टेंबर-ऑक्टोबरात दंशाच्या घटना वाढतात. लाकूड उचलताना, पेंढा ओढताना, अंधारात वहाणेत पाय सरकवताना हा प्रसंग घडतो. नांगीतून आत जाणारं विष एका थेंबाहूनही कमी असतं, आणि जखम शोधायला गेलं तर नीट दिसतही नाही. तरीही काही तासांत एखादा धडधाकट माणूस, आणि त्याहून अधिक वेळा एखादं मूल, घामाने थबथबतं, त्याचे हातपाय गार पडतात, धाप लागते आणि खोकल्याबरोबर गुलाबी फेस येऊ लागतो.

यावर लोकांनी शोधलेलं उत्तर म्हणजे ‘विष चढलं’. पायातून निघालेलं विष मांडीपर्यंत, मग पोटापर्यंत आणि शेवटी काळजाला भिडतं, असं चित्र त्यामागे आहे. त्यावरूनच दोरी आवळणं, चिरा देणं, उतारा करणं हे सगळं आलं. या चित्रात तथ्याचा अंश आहे, कारण विष दंशाच्या जागेवरून रक्तात शोषलं जातं आणि शरीरभर फिरतं. पण रक्तात मिसळलेल्या त्या अत्यल्प विषाला एवढी मोठी उलथापालथ करण्याची ताकद कुठून मिळते, हे या चित्रातून कळत नाही. माझं म्हणणं असं की ती ताकद विषाची नसतेच, ती रुग्णाच्याच शरीराची असते. विष चेतासंस्थेला चिथावतं आणि पुढचं सारं नुकसान ही संस्था स्वतःच्या नेहमीच्या अवजारांनी करते. हे पटायला आधी चेतासंस्था रोजच्या दिवशी काय करते ते पाहावं लागेल. विंचवाकडे जरा वळसा घेऊन येऊ.

तत्पूर्वी एक गैरसमज दूर करायला हवा. मोठी काळी इंगळी दिसली की लोकांची पाचावर धारण बसते, आणि लहानसा तांबूस विंचू दिसला तर वहाणेने चिरडून माणसं कामाला लागतात. धोका नेमका उलटा आहे. इंगळीचे पुढचे चिमटे जाडजूड असतात, ती भक्ष्य चिरडून मारते आणि तिचं विष तुलनेने सौम्य असतं. तांबड्या विंचवाचे चिमटे बारीक आणि शेपटी जाड. त्याचा सारा भरवसा विषावर. शास्त्रज्ञ त्याला आज हॉटेन्टोटा टॅम्युलस म्हणतात, जुन्या पुस्तकांत तो मेसोब्युथस म्हणून सापडतो. त्याच्या इथल्या प्रकाराला इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी ‘कॉन्कॅनेन्सिस’, म्हणजे कोकणातला, असं नावच देऊन ठेवलं आहे.

2. एका चेतापेशीचं काम

माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. पण समजून घ्यायला एक पुरे, आणि ती मेंदूतली नको, टाचेची घेऊ. टाचेच्या कातडीतून बातमी आणणाऱ्या चेतापेशीचा गोळा कमरेच्या मणक्यांजवळ असतो आणि तिथून तिचा तंतू थेट टाचेपर्यंत जातो. म्हणजे ही एकच पेशी मोठ्या माणसात जवळपास एक मीटर लांब असते. जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीही नसते. अशा हजारो तंतूंची मोळी म्हणजे आपण जिला नस म्हणतो ती चेता.

या तंतूतून बातमी जाते म्हणजे नेमकं काय जातं? तारेतून वीज वाहते तसं इथे काही वाहत नाही. इथे मीठ कामाला येतं, म्हणजे मिठातलं सोडियम. पेशीच्या बाहेरच्या द्रवात सोडियम आतल्यापेक्षा दहापटीहून जास्त असतं. पेशी ते सतत बाहेर उपसत असते आणि त्यासाठी सतत ऊर्जा खर्च करते. हा उपसा आणि पोटॅशियमची आतबाहेर ये-जा यांमुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण राहते. खाडीकाठची खार जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. बांधाच्या बाहेर खारं पाणी चढलेलं असतं, आत शेत असतं, आणि बांधात उघाडी असते, म्हणजे पाण्याची ये-जा सांभाळणारी झडप. चेतातंतूच्या पापुद्र्यातही अशा असंख्य झडपा आहेत, फक्त सोडियमला वाट देणाऱ्या. टाचेला काही टोचलं की तिथल्या झडपा उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं, तेवढ्या जागी विद्युतभार पालटतो, त्या धक्क्याने शेजारच्या झडपा उघडतात, मग त्यांच्या शेजारच्या. उघडझापीची ही लहर पुढे सरकत जाते. तीच बातमी.

यातली पुढची गोष्ट सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. प्रत्येक झडप उघडल्यावर जेमतेम एक सहस्रांश सेकंदात आपोआप मिटते. मग पोटॅशियमच्या झडपा उघडतात, भार पूर्ववत होतो आणि तंतू पुढच्या बातमीला मोकळा होतो. उघडणं जितकं महत्त्वाचं तितकंच वेळेवर मिटणंही. भरतीच्या वेळी उघाडी मिटलीच नाही तर शेताचं काय होतं, ते खारभूमीतल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावं.

लहरीचा वेग सगळ्या तंतूंत सारखा नसतो आणि त्याचा पडताळा घरबसल्या मिळतो. पायाच्या बोटाला ठेच लागली की आधी टचकन एक कळ येते, ती विरते न विरते तोच दुसरी, मंद पण भणभणणारी कळ सुरू होते. तीक्ष्ण कळ आणणाऱ्या, चरबीचं पातळ वेष्टन असलेल्या तंतूंचा वेग सेकंदाला सुमारे 20 मीटर धरला, तर एक मीटरचं अंतर एक भागिले 20, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात कापलं जातं. भणभण आणणाऱ्या उघड्या, बारीक तंतूंचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे तीच वाट चालायला त्यांना पूर्ण सेकंद लागतो. दुखणं एक, बातम्या दोन. विंचवाच्या दंशाची पहिली असह्य कळ याच वाटांनी येते, पण रुग्णाच्या जिवाला जी भीती आहे ती या वाटांवरून येत नाही.

3. ज्याला आपला हुकूम चालत नाही

आतापर्यंत पाहिली ती आपल्याला जाणवणारी चेतासंस्था. ठेच कळते, हात उचलता येतो, मान वळवता येते. हिच्या जोडीला दुसरी व्यवस्था अहोरात्र चालू असते आणि तिचा आपल्याला पत्ताही नसतो. हृदय मिनिटाला किती ठोके देईल, कोणत्या रक्तवाहिनीने आकसायचं, घाम केव्हा सुटायचा, बुबुळाची बाहुली किती मोठी व्हायची, आतड्यांनी किती जोराने हलायचं, हे सगळं ती ठरवते. तिला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. तिचे दोन भाग आहेत. अनुकंपी भागाचे तंतू छातीच्या आणि कमरेच्या वरच्या भागातल्या मज्जारज्जूतून निघतात आणि शरीराला धावपळीसाठी सज्ज करतात: ठोके वाढतात, कातडीतल्या आणि आतड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसून रक्त स्नायूंकडे वळतं, साखर मोकळी होते. परानुकंपी भाग मेंदूच्या बुंध्यातून आणि माकडहाडाजवळून निघतो आणि उलट दिशेने ओढतो: ठोके मंदावतात, लाळ सुटते, पचन चालू होतं.

शाळेच्या पुस्तकात या दोघांची मांडणी एकमेकांविरुद्धचे दोन संघ अशी असते. ती सोपी आहे, पण थोडी दिशाभूल करणारीही. निरोगी शरीरात दोन्ही भाग एकाच वेळी थोडेथोडे चालू असतात आणि त्यांच्यातला तोल क्षणोक्षणी बदलतो. बसलेला माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे ओसरतं. अनुकंपी भाग काही सेकंदांत पायांच्या रक्तवाहिन्या आवळतो, म्हणून आपल्याला भोवळ येत नाही. दिवसातून कितीतरी वेळा हे घडतं आणि आपण त्याची दखलही घेत नाही.

तंतूच्या टोकाला पोचलेली लहर पुढच्या पेशीत उडी मारू शकत नाही. टोकाशी साठवलेलं रसायन सुटतं आणि ते समोरच्या पेशीवरच्या ग्राहकाला, म्हणजे ते रसायन ओळखून पकडणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं. परानुकंपी टोकांचं रसायन ॲसिटिलकोलीन, बहुतेक अनुकंपी टोकांचं नॉरॲड्रिनॅलिन. घामाच्या ग्रंथी मात्र अपवाद: त्यांच्याकडे येणारे तंतू अनुकंपी, पण रसायन ॲसिटिलकोलीन. याशिवाय अनुकंपी भागाच्या हाती एक कोठारही आहे. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा गाभा म्हणजे तंतू गमावलेल्या अनुकंपी चेतापेशींचाच गोळा. त्याला इशारा मिळाला की तो ॲड्रिनॅलिन थेट रक्तात सोडतो आणि ते शरीरभर पोचतं. समोरची पेशी काय करेल हे तिच्यावर कोणता ग्राहक आहे यावर ठरतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अल्फा नावाचे ग्राहक असतात, ते वाहिनी आकसवतात. हृदयाच्या स्नायूत मुख्यतः बीटा ग्राहक, ते ठोक्यांचा वेग आणि जोर वाढवतात. ही अल्फा-बीटाची जोडी लक्षात ठेवावी, उपचारांचा सारा वाद तिच्याभोवतीच फिरतो.

4. झडप मिटत नाही तेव्हा

तांबड्या विंचवाचं विष म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे, त्यात लहानमोठ्या अनेक प्रथिनांचं मिश्रण असतं. त्यातली 60 ते 70 अमिनो आम्लांची प्रथिनं सोडियमच्या झडपेला चिकटतात आणि तिला वेळेवर मिटू देत नाहीत. त्यांहून आखूड प्रथिनं पोटॅशियमच्या झडपा अडवतात, म्हणजे भार पूर्ववत करण्याची वाटही बंद. त्यांपैकी 37 अमिनो आम्लांचं आयबेरिओटॉक्सिन याच विंचवाच्या विषातून वेगळं काढलं गेलं. एका विशिष्ट पोटॅशियम झडपेला ते इतकं नेमकं अडवतं की जगभरच्या प्रयोगशाळा त्या झडपेचा अभ्यास करायला ते विकत घेतात.

दोन्ही प्रकारची प्रथिनं एकाच वेळी काम करू लागली की तंतूची अवस्था सहज कल्पना करण्यासारखी आहे. एका टोचणीला एक लहर निघायची तिथे लहरींची माळ लागते, आणि टोकाशी साठवलेलं रसायन थांबून थांबून सुटण्याऐवजी भसाभस सुटतं. इथे मण्यारीशी तुलना उद्बोधक ठरते. मण्यारीचं विष चेतातंतूंची टोकं निकामी करतं, रसायन सुटतच नाही. पापण्या मिटतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. तिथे चेतासंस्था मुकी होते, इथे ती थांबायचं विसरते.

मग लक्षणांचा क्रम आपोआप उलगडतो. ॲसिटिलकोलीनचा लोंढा आधी दिसतो: उलट्या, तोंडाला सुटलेली लाळ, कपडे भिजवणारा घाम, काही वेळा मंदावलेली नाडी, पुरुषांमध्ये इंद्रियाचा ताठरपणा. पाठोपाठ, आणि कितीतरी जास्त काळ, नॉरॲड्रिनॅलिन-ॲड्रिनॅलिनचा अंमल चालतो. हातपाय बर्फासारखे गार पडतात, कारण कातडीतल्या वाहिन्या आवळल्या गेलेल्या असतात. नाडी धावते, रक्तदाब चढतो. अल्फा ग्राहकांमुळे स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटणं कमी होतं, त्यामुळे रक्तातली साखरही वाढलेली सापडते.

अशा वेळी हृदयावर दुहेरी संकट येतं. शरीरभरच्या वाहिन्या आकसलेल्या, त्यांत रक्त ढकलायला डाव्या कप्प्याला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. आणि त्याच वेळी रसायनांचा अतिरेक खुद्द हृदयाच्या स्नायूला दुखावत असतो. कप्पा कमी पडू लागला की त्याच्याकडे फुफ्फुसातून येणारं रक्त मागे तुंबतं. फुफ्फुसातल्या केशवाहिन्या कमी दाबासाठीच घडलेल्या, दाब वाढला की त्यांच्या भिंतींतून पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपतं. त्यात थोडं रक्त मिसळतं, श्वासाने घुसळलं जातं, आणि तोच तो गुलाबी फेस. ‘छातीत पाणी झालं’ हे वर्णन लोकांनी अचूक केलं होतं. पाणी कुठून आलं एवढंच कळलं नव्हतं.

5. पुरावा आणि शंका

ही साखळी कागदावर नीट जुळते. पण जुळणारी प्रत्येक गोष्ट खरी असतेच असं नाही, म्हणून पुरावा पाहू. विंचूदंशानंतर फुफ्फुसात पाणी होतं याची नोंद मुंडले यांनी 1961 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केली. 1963 मध्ये त्याच नियतकालिकात त्रिनिदादच्या डॉक्टरांनी विंचवाने डसलेल्यांच्या हृदयस्नायूला इजा होते असं दाखवलं, आणि तिथला विंचू तर आपल्या विंचवाचा दूरचाच नातेवाईक. इस्राएलमधल्या बीरशेबा इथे मोशे गुएरॉन आणि सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात अशा रुग्णांच्या लघवीत ॲड्रिनॅलिनच्या कुळातल्या द्रव्यांचं प्रमाण वाढलेलं आढळल्याचं प्रसिद्ध केलं. तीन देश, वेगवेगळे विंचू, आणि रुग्णाची अवस्था मात्र सारखी. विष थेट हृदय जाळत असतं तर विंचवागणिक चित्र बदलायला हवं होतं. ते बदलत नाही, कारण विंचू वेगळे असले तरी चेतासंस्था माणसाचीच आहे.

कोणी म्हणेल, यात विषाचा काय संबंध, माणूस भीतीनेच जातो. ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण भीतीनेही अनुकंपी भागच जागा होतो. घाम, धडधड, गार हात ही सगळी लक्षणं दोन्हीकडे आहेत. पण काही महिन्यांच्या बाळाला विंचू म्हणजे काय हे ठाऊक नसतं आणि तरी त्याच्यात हेच वादळ दिसतं, किंबहुना अधिक तीव्र. गुंगी दिलेल्या प्राण्यांत विष टोचल्यावरही रक्तदाब तसाच चढतो. शिवाय भीतीची सूत्रं मेंदूच्या हाती असतात, धोका टळला की मेंदू लगाम खेचतो. विष तंतूवरच बसलेलं असतं, तिथे मेंदूचा लगाम पोचत नाही. धीर देणं चांगलंच, पण धीराने झडप मिटत नाही.

दुसरी शंका मांत्रिकाच्या बाजूची. मंत्राने, मुळीने, उताऱ्याने बरी झालेली माणसं गावोगाव आहेत, ती काय खोटं बोलतात? नाही, ती खरंच बरी झालेली असतात. विंचवाच्या बहुसंख्य दंशांत विषाचा परिणाम जागच्या जागी राहतो. भयंकर ठणका लागतो आणि साधारण दिवसभरात तो ओसरतो, मग त्या वेळात काहीही केलेलं असो. ज्या उपचाराची परीक्षा आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यावर होते तो कधीच नापास होत नाही. इथे अनुभवी डॉक्टरांचं एक निरीक्षण महत्त्वाचं आहे: जो रुग्ण वेदनेने किंचाळतो आहे पण ज्याचे हातपाय उबदार आहेत, त्याची चिंता तुलनेने कमी. ज्याला फारसं दुखत नाही पण जो घामाने निथळतो आहे, ओकतो आहे आणि गार पडला आहे, त्याला क्षणाचाही विलंब परवडत नाही. ‘दुखायचं थांबलं, उतरलं विष’ हा निष्कर्ष म्हणूनच जिवावर बेतू शकतो.

गंभीर रुग्णांत मुलांचं प्रमाण जास्त का, याचं गणित साधं आहे. विंचू समोरचा माणूस पाहून विष मोजून सोडत नाही. तेवढंच विष 60 किलोच्या माणसात आणि 10 किलोच्या मुलात गेलं तर मुलाच्या वाट्याला दर किलोमागे सहापट येतं.

6. बिरवाडी, महाड आणि एक जुनी गोळी

1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाब्यातल्या, महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रायगड आणि रत्नागिरीच्या सीमेवरचा हा मुलूख. त्या काळात गंभीर अवस्थेत दवाखान्यात पोचलेल्या विंचूदंशाच्या रुग्णांपैकी जवळपास 30 टक्के दगावत. स्टेरॉइड, ॲलर्जीवरची इंजेक्शनं, हृदयाची नेहमीची औषधं असं हाताला येईल ते दिलं जाई, कारण नेमकं काय बिघडलं आहे यावर एकमत नव्हतं. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला आणि 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध केला. माझ्या मते हे काम पुढच्या औषधाहूनही मोलाचं. ईसीजी मिळायची मारामार असलेल्या ठिकाणी घाम, उलटी, गार हात, नाडी यांवरून चेतासंस्थेत काय चाललं आहे ते वाचता येतं, हे त्यात दाखवलेलं होतं.

रोग असा वाचला की औषधाची निवड तर्काने करता येते. मंद नाडी पाहून ॲट्रोपिन द्यावं? ते परानुकंपी भागाला रोखतं, म्हणजे अनुकंपी वादळाला उरलासुरला अडसरही काढून टाकतं. धावती नाडी पाहून बीटा ग्राहक अडवावेत? हृदयाचा जोर कमी होईल, पण वाहिन्या आकसलेल्याच राहतील आणि थकलेल्या हृदयाला त्याच भिंतीवर डोकं आपटावं लागेल. मुळावर घाव घालायचा तर अल्फा ग्राहक अडवून वाहिन्या सैल करायला हव्यात. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे वाहिन्या सैल करणारं औषध वापरून पाहिलं. ते शिरेतून थेंबाथेंबाने, सतत रक्तदाब मोजत द्यावं लागतं; खेड्यातल्या दवाखान्याला ते झेपणारं नव्हतं. मग नजर गेली प्राझोसिनकडे. रक्तदाबासाठी आधीच बाजारात असलेली ही गोळी नेमकी अल्फा ग्राहकांवर बसते, स्वस्त आहे आणि तोंडाने देता येते. तिचा अनुभव डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. प्राझोसिन वापरात आल्यानंतर त्यांच्याकडच्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण काही टक्क्यांवर आणि पुढे त्याहूनही खाली आलं. 2022 साली हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

गोळी निरुपद्रवी मात्र नाही. वाहिन्या सैल झाल्यावर रुग्णाला उठवून बसवलं तर उभं राहताना वाहिन्या आवळण्याची ती मघाची रोजची क्रिया होत नाही, रक्त पायांत उतरतं आणि तो कोसळू शकतो. म्हणून गोळी दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवतात आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा पाहतात. घरात ठेवून आपल्या मनाने घेण्याची ही गोष्ट नव्हे. घरच्यांचं काम एवढंच: दोरी न आवळता, चिरा न देता, वाट न पाहता रुग्णाला दवाखान्यात पोचवणं.

7. लस असताना गोळी कशाला?

जाणता वाचक आता विचारेल की सापाच्या विषावर लस आहे तशी विंचवाच्या विषावरही आहे, मग लक्षणांशी झुंजत बसण्यापेक्षा विषच का मारू नये? लस खरोखर आहे. घोड्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं वेगळी काढून ती बनते, आणि मुंबईच्या हाफकिनचं नाव त्यात महत्त्वाचं आहे. बराच काळ बावस्करांसह अनेकांना लसीबद्दल शंका होती, आणि ती तर्काला धरून होती: लस रक्तात फिरणारं विष बांधते, पण एकदा सुटलेलं ॲड्रिनॅलिन तिला परत कोठारात घालता येत नाही. दुसरीकडे डॉ. नातू आणि सहकाऱ्यांनी 2006 साली पश्चिम महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयातला, नेमक्या याच विंचवावरच्या लसीचा अनुकूल अनुभव प्रसिद्ध केला. डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती यांनी इन्शुलिनच्या कमतरतेवर बोट ठेवून इन्शुलिनच्या उपचाराचा आग्रह धरला होता, तो तिसरा पक्ष.

अशा वादात आवाज कोणाचा मोठा यापेक्षा मोजमाप कोणी केलं हे पाहावं. बावस्कर दांपत्याने महाडला 70 रुग्णांची चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागणी केली. एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि लस. 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला निकाल असा: नुसत्या प्राझोसिनवर रुग्ण सावरायला सरासरी 17.7 तास लागले, दोन्ही मिळून 8 तास. ज्यांनी गोळीचा पुरस्कार केला त्यांनीच गोळीला जोड हवी हे दाखवून दिलं. पण हा निकाल चेतासंस्थेच्या चित्राला धक्का देत नाही, तो ते पूर्ण करतो. दंशाच्या जागेवरून विष बराच वेळ रक्तात झिरपत राहतं आणि नव्या झडपा धरत राहतं. लस ती नवी भर थांबवते. आधीच सुटलेल्या रसायनाचा वाहिन्यांवरचा अंमल प्राझोसिन उतरवतं. एक विषाशी भांडतं, दुसरं शरीराशी.

8. विंचवाविना तेच

मूळ म्हणण्याचा सर्वात भक्कम आधार मात्र विंचू नसलेल्या ठिकाणी सापडतो. अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात क्वचित एक गाठ होते, तिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. ही गाठ मनाला येईल तेव्हा ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन रक्तात सोडते. रुग्णाला अचानक दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, रक्तदाब भयंकर चढतो, साखर वाढते, आणि झटका जोराचा असेल तर हृदयाचा स्नायू दुखावून फुफ्फुसात पाणीही होतं. विषाचा कणही शरीरात नसताना गंभीर विंचूदंशाचं जवळपास सगळं चित्र इथे उमटतं. गाठ शस्त्रक्रियेने काढावी लागते, आणि नुसत्या भुलीने किंवा गाठीला हात लागल्यानेही रसायनांचा लोंढा सुटू शकतो, म्हणून आधी काही दिवस रुग्णाला तयार करतात. त्या तयारीचा क्रम जगभर ठरलेला आहे. पहिल्यांदा अल्फा ग्राहक अडवणारं औषध, अनेक ठिकाणी प्राझोसिनच किंवा त्याच्या कुळातलं दुसरं. त्याने वाहिन्या सैल झाल्याची खात्री पटली आणि ठोके तरीही जलद राहिले, तरच बीटा ग्राहक अडवणारं औषध. हा क्रम उलटा केला तर रक्तदाब आणखी चढतो आणि हृदय कोलमडू शकतं.